तळ्यापासून टेकडीपर्यंत

नागपूरहून जबलपूरच्या महामार्गाने निघून मनसरला वळले, की भाताच्या सपाट शेतांतून एक टेकडी एकाएकी वर आलेली दिसते. माथ्यावर तटबंदी आणि मंदिरांची शिखरे, पायथ्याशी एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला, टेकडीच्या कुशीत, अंबाळा तलाव. हेच रामटेक. सह्याद्रीतल्या गडांशी तुलना केली, तर ही टेकडी ठेंगणीच म्हणावी लागेल. तलावाच्या काठापासून पायऱ्यांनी वर जायला धडधाकट माणसाला तासभरही लागत नाही. तरीही माथ्यावर दिसणाऱ्या माणसांपैकी पुष्कळ जण ही वाट चढून आलेले नसतात. मोटारीचा रस्ता जवळजवळ माथ्यापर्यंत जातो आणि बहुतेकांची पसंती त्यालाच असते.

रस्ता झाला हे वाईट झाले, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. रस्ता झाल्यावर जुन्या वाटेचे काय करायचे? गरज संपली म्हणून ती सोडून द्यायची, की टेकडीचा मुख्य मार्ग आजही तीच आहे, असे मानून जपायची? वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटतो. काही शेकडो दगडी पायऱ्यांचा तर तो आहे. पण या पायऱ्या तलावाला टेकडीशी जोडतात, आणि तो दुवा तुटला की दोहोंचेही नुकसान होते.

रामटेक या नावाची उपपत्ती लोक आपापल्या परीने सांगतात. वनवासात असताना रामाने राक्षसांच्या नाशाची प्रतिज्ञा, म्हणजे टेक, येथे केली, अशी एक कथा. कोणी म्हणते, राम येथे टेकला, विसावला. तलावाचे नाव अंब नावाच्या राजावरून पडले आणि त्याच्या पाण्याने त्या राजाचा कुष्ठरोग बरा झाला, असेही सांगतात. यांतले इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे तपासण्याची येथे गरज नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की लोकस्मृतीने टेकडीइतकाच मान तलावाला दिला आहे. सगळ्याच कथा गोड आहेत असेही नाही. टेकडीवरील धूम्रेश्वराच्या देवळाशी शंबूकाची, तप केले म्हणून मारल्या गेलेल्या शूद्र तपस्व्याची, आठवण निगडित आहे. ती ऐकून आजचा माणूस अस्वस्थ होतो, आणि व्हावेही.

या टेकडीचे नाव मराठी मुलुखाबाहेर पोहोचले ते कालिदासामुळे. ‘मेघदूता’तील शापित यक्ष ज्या रामगिरीवर वर्ष कंठत होता, तो रामगिरी म्हणजे रामटेक, असे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडमधील सरगुजा भागातला रामगढ हाच रामगिरी होय, असे मानणारेही आहेत आणि हा वाद जुना आहे. मिराशींच्या बाजूने एक पुरावा मात्र मोलाचा आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती दुसरा रुद्रसेन याच्या निधनानंतर, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात, तिने मुलांच्या वतीने राज्य चालविले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी दिलेला आहे, असे त्यात नमूद आहे. राजधानीचे नाव द्यावे त्या जागी राणीने देवाच्या पायांचे नाव दिले.

कालिदासाने रामगिरीचा परिचय ज्या क्रमाने करून दिला आहे, तोही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काव्याच्या पहिल्याच श्लोकात त्या स्थळाची ओळख पटते ती सीतेच्या स्नानाने पवित्र झालेल्या पाण्यावरून आणि दाट सावलीच्या झाडांवरून. शिखर नंतर येते. पुढे मेघाला निरोप देताना त्या डोंगरावरील रामाच्या पावलांचा उल्लेख येतो. आधी पाणी, मग सावली, मग पावलांच्या खुणा. काठावरून चढणाऱ्याला आजही साधारण याच क्रमाने टेकडी भेटते. मोटारीतून उतरणाऱ्याला ती एकदम माथ्यावरच भेटते आणि पाणी हे त्याच्या दृष्टीने कठड्यावरून दिसणारे एक चित्र होऊन राहते.

पाण्याशी असलेले हे नाते केवळ काव्यातले नाही. टेकडीवर वाकाटककालीन नरसिंहाची दोन मंदिरे आहेत. त्यांपैकी केवल-नरसिंह मंदिरातील शिलालेख प्रभावतीगुप्तेच्या कुटुंबाशी संबंधित आहे आणि त्यात सुदर्शन नावाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. मंदिर बांधणे आणि पाणी साठविणे या दोन्ही गोष्टी त्या काळच्या माणसांनी एकाच पुण्याच्या खाती मांडल्या होत्या. पुढे यादव राजा रामचंद्र याच्या काळातील लेखात या परिसरातील तीर्थांची माहिती कोरली गेली. पूर्व विदर्भाला हे नवीन नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कसबाने शेकडो तलाव उभे राहिले. त्या तलावांवर भात पिकतो, शिंगाडा येतो, मासळी मिळते. रामटेकच्या पानमळ्यांतील विड्याच्या पानांचा लौकिकही साठवलेल्या पाण्यावाचून झाला नसता.

आता ही वाट प्रत्यक्ष कशी आहे ते पाहावे. अंबाळ्याच्या काठी दगडी घाट आहेत आणि भोवती लहान-मोठी देवळे. विदर्भातील अनेक कुटुंबे आपल्या माणसांच्या अस्थी येथे आणतात. त्यामुळे घाटावर कोणत्याही सकाळी मुंडण केलेला मुलगा, पिंड मांडणारे गुरुजी आणि गप्प बसलेल्या बाया दिसणे सहज शक्य असते. तेथून पायऱ्या सुरू होतात. पहिल्या टप्प्यात चढणाऱ्याचे लक्ष फक्त स्वतःच्या श्वासाकडे असते. थोड्या वेळाने पाय चालीला लागतात आणि मान वळते. घाटावर उभे असताना जो तलाव सपाट आणि मोठा वाटला होता, तो आता वाडग्यासारखा दिसू लागतो. त्याच्या भोवतीची डोंगराची कड स्पष्ट होते. पाणी येथेच का साठले, हे सांगायला मग शिक्षकाची गरज पडत नाही. तिन्ही अंगांनी उतार आहेत आणि त्या उतारांवर पडलेल्या पावसाला दुसरीकडे जायला वाव नाही.

वानरांचे कळप वाटेवर बसलेले असतात आणि हातातली पिशवी कोणती, याची ते बारकाईने पाहणी करतात. (त्यांना खायला घालणे हा पुण्याचा मार्ग नव्हे. त्यामुळे ती माणसाच्या अंगावर येऊ लागतात आणि पिशव्यांचे प्लॅस्टिक झुडपांत अडकते.) मध्येच एखादी म्हातारी कठड्याला टेकलेली असते, नातू दोन पायऱ्या पुढे जाऊन तिची वाट पाहत असतो. अनोळखी माणसे एकमेकांना “अजून किती राहिले?” असे विचारतात आणि उतरणारा प्रत्येक जण “हे काय, आलेच की!” असे सांगतो. हे उत्तर बहुधा खरे नसते, पण ते ऐकून माणूस उठतो खरा. वर महावराहाची मोठी शिल्पमूर्ती लागते. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे जाण्याची प्रथा लोकांत आहे. मग एकामागून एक दरवाजे येतात, रामाच्या आधी लक्ष्मणाचे मंदिर लागते, आणि तटावर पोहोचल्यावर खाली अंबाळा, दूरवर सूर नदीचे पाणी अडवून केलेला खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय आणि त्याही पलीकडची शेते एका दृष्टीत मावतात.

तेराव्या शतकात गुजरातेतून एक तरुण रामटेकच्या यात्रेचे निमित्त सांगून घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि यात्रेचे सगळे स्वरूपच पालटले. हा तरुण म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी. मराठीच्या आरंभीच्या गद्याचा मोठा ठेवा त्यांच्या अनुयायांनी निर्माण केला. जो थेट मुक्कामी पोहोचतो, त्याला वाटेत कोणी भेटत नाही, हे येथे सहज सुचते.

या विचाराला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. ज्याचे गुडघे दुखतात, जो चाकाच्या खुर्चीवर आहे, जिला दम्याचा त्रास आहे, त्यांनी देवदर्शन घेऊ नये काय? डोंगरावरचे सौंदर्य धट्ट्याकट्ट्यांचीच मालमत्ता आहे काय? तशी ती नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणे सर्वांना वापरता येतील अशी करणे बंधनकारक केले, आणि ते योग्यच झाले. राजस्थानात पुष्कर सरोवराकडे पाहणाऱ्या सावित्री मातेच्या टेकडीवर २०१६ मध्ये, आणि नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये यांत्रिक सोय झाली. ज्यांना आयुष्यात प्रथमच वर जाता आले, त्यांच्या आनंदाला नावे ठेवणे उद्धटपणाचे ठरेल. रामटेकचा मोटाररस्ताही त्याच न्यायाने हवाच.

परंतु या आक्षेपाची एक दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. पायऱ्या चढणारे सारेच हौसेने चढत नाहीत. एसटीने आलेली मजुराची बायको, सोबत आईबाप आणि तीन मुले, यांना वर नेणाऱ्या वाहनाचे भाडे परवडतेच असे नाही. ती सगळी चालतच वर जातात. पायऱ्यांचा दगड निखळला, कठडा तुटला, पिण्याचे पाणी नसले, बसायला सावली नसली, तर त्रास यांनाच होतो. तीर्थस्थळांच्या विकासाची चर्चा निघाली, की वाहनतळ आणि रुंद रस्ता यांची नावे आधी येतात. पायवाटेची आठवण उरलेल्या पैशातून होते. सुलभतेच्या नावाने ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांचीच सोय पाहिली, तर त्या शब्दाचा अर्थ उलटा होतो. अशक्तांसाठी रस्ता आणि गरिबांसाठी चांगली वाट, या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात सावलीची दोन झाडे आणि थंड पाण्याचा एक माठ ही काही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही.

दुसरे नुकसान तलावाचे. जो वाहनाने थेट वर जातो, त्याला अंबाळ्याच्या काठी थांबण्याचे कारण उरत नाही. मग काठावर येतात ते मुख्यतः अंत्यविधींसाठी येणारे लोक, आणि दुःखात असलेल्या माणसाने पाण्याच्या स्वच्छतेचा हिशेब ठेवावा, अशी अपेक्षा करता येत नाही. निर्माल्य, पिठाचे पिंड, तेल, कापड आणि आता प्लॅस्टिक, हे सारे साचलेल्या पाण्यात पडते. नदी ते वाहून नेते. तळे नेत नाही. कुजणाऱ्या पदार्थांवर शेवाळ वाढते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासळीवर त्याचा परिणाम होतो. निर्माल्यासाठी वेगळे कुंड बांधणे, अस्थींची केवळ चिमूट पाण्यात सोडून उरलेल्या मातीत झाड लावणे, असे उपाय अनेक गावांनी स्वीकारले आहेत. त्यांना धर्माची अडचण आलेली नाही. पण असे उपाय कोणी मागावेत, तर रोज त्या काठावरून जाणाऱ्या माणसांनी. पहाटे फिरायला जाणारा निवृत्त कारकून, कोचिंगचा वर्ग चुकवून पायऱ्यांवर बसणारी मुले, बाहेरगावचा यात्रेकरू, अशी माणसे वाटेवर असली, की घाण झाल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते आणि कोणी तरी नगरपरिषदेकडे बोलायला जाते.

टेकडीचा उतार आणि तलावाची खोली यांचा संबंधही चालणाऱ्यालाच कळतो. उतारावर गवत आणि झुडपे असली, की पावसाचे पाणी थांबत-मुरत खाली येते आणि माती जागीच राहते. झाडे तुटली, गुरे अति चरली किंवा वणवा लागला, की तीच माती पाण्याबरोबर तळ्यात उतरते. गाळ साठत जातो आणि जेथे बारमाही पाणी असे, तेथे उन्हाळ्यात चिखल उरतो. हे एका वर्षात होत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. आषाढातल्या पहिल्या जोरदार सरीनंतर कोणी अर्ध्या वाटेवर थांबून खाली पाहिले, तर कोणती घळ स्वच्छ पाणी देते आहे आणि कोणती तांबडे, हे तेथून स्पष्ट दिसू शकते. जी तांबडे पाणी देते, तिच्या माथ्यावर त्याच पावसाळ्यात बी पेरता येते, दगडांचे छोटे बांध घालता येतात आणि दोन वर्षे तेवढ्या जागेत गुरे जाऊ नयेत म्हणून काटेरी फांद्यांचे कुंपण करता येते.