मागच्या मुलांचं काय?

बालरोगतज्ज्ञाने संगणकाच्या पोटातील बिघाडाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या दवाखान्यांतील नोंदवह्या आणि कार्डांच्या पेट्या एव्हाना अडगळीत गेल्या आहेत आणि रुग्णाचा सारा पूर्वेतिहास डेटाबेस सर्व्हरच्या स्वाधीन झाला आहे. तिथे चूक झाली तर ती कोणाची, आणि ती 'दुरुस्त झाली' असे केव्हा म्हणावे, याविषयी माझे मत एका प्रसंगातून बनले. ते व्यवसायबंधूंपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वी बडोद्याच्या सीमेवरील मजुरांच्या एका वस्तीत आम्ही काही डॉक्टरांनी लसीकरण शिबिर घेतले. ४१ बालकांना पेंटाव्हॅलंटची पहिली मात्रा दिली. नावे वहीत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी यादी माझ्या दवाखान्याच्या संगणकात एकदम चढवली. पुढील मात्रेची तारीख सॉफ्टवेअरने आपोआप काढावी आणि पालकांच्या मोबाइलवर संदेश जावा, अशी व्यवस्था होती. पाच महिन्यांनी त्यांतील एका बाळाला जुलाब लागले म्हणून त्याची आई माझ्याकडे आली. कार्डावर मात्रा एकच. मी जरा रागानेच कारण विचारले. ती म्हणाली, "साहेब, मेसेज आवे एटले लावजो, एम तमे ज कह्युं हतुं ने!" तिचे म्हणणे खरे होते. संदेश गेलाच नव्हता.

आमचे सॉफ्टवेअर परिचित कुटुंबातील एका तरुण अभियंत्याने तयार केले होते. त्याने शोध घेऊन मला जे समजावले, ते आपल्या भाषेत सांगतो. स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे वॉर्डात लावून ठेवलेल्या कायमच्या सूचना. बोलावले की परिचारिका त्याबरहुकूम काम करते. ट्रिगर ही मात्र प्रतिक्षिप्त क्रिया आहे. गुडघ्याखाली हातोडी पडली की पाय उडतो, मेंदूची परवानगी लागत नाही. तशी तक्त्यात नोंद पडली की ट्रिगर चालतो. आमच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्रपणे चालत नाही. एका आज्ञेला एकदाच चालतो, मग त्या आज्ञेने एक नोंद घातलेली असो वा शंभर. हा सर्व्हरचा दोष नव्हे. त्याची ती जाहीर रीतच आहे. परंतु आमच्या ट्रिगरमध्ये नोंद एका वेळी एकच येणार असे गृहीत धरले होते आणि एकाच बालकाचा क्रमांक उचलण्याची सोय केली होती. ४१ नोंदी एकदम आल्या, तेव्हा एका बालकाची तारीख निघाली, उरलेली ४० तशीच राहिली. पडद्यावर त्रुटीची सूचना नाही, काही नाही. रोज दवाखान्यात मुले एकेक येत असल्यामुळे हा दोष तोवर कुणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. नवजात अर्भकाच्या जंतुसंसर्गात कधीकधी ताप येतच नाही, त्यातलाच हा प्रकार.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, ट्रिगर बदललाय. आता काळजी नको."

मी विचारले, "अरे, पण मागच्या मुलांचं काय?"

पलीकडे शांतता पसरली. माझा सारा मुद्दा या शांततेविषयी आहे. दुरुस्त केलेला ट्रिगर यापुढच्या नोंदींवर चालतो. जुन्यांना तो स्पर्शही करत नाही. ज्यांची तारीख रिकामी राहिली ती मुले निराळी शोधावी लागतात. त्या रिकाम्या रकान्यांत हिशेबाने तारखा भरून टाकणे हे तर आणखी घातक ठरले असते. त्या तारखा केव्हाच उलटून गेल्या होत्या, म्हणजे संदेश गेले नसतेच, वर चूक घडल्याची खूणही पुसली गेली असती.

शिबिराची वही सुदैवाने रद्दीत गेली नव्हती. ती घेऊन आमच्या परिचारिकाबाई आणि मी वस्तीत घरोघर फिरलो. २१ मुलांना आयांनी आपण होऊन अन्यत्र पुढच्या मात्रा दिल्या होत्या. आपल्या संदेशांवाचूनही आया मुलांची काळजी घेतात, हे पाहून अहंकार जरा उतरला. १५ मुलांना आम्ही उरलेल्या मात्रा दिल्या. खंड पडला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, चार आठवड्यांच्या अंतराने पुढे न्यायची असते. चार कुटुंबे दाहोदकडे आपल्या गावी परतली होती. ती सापडली नाहीत.

प्रत्येक घरी मी चूक आमची आहे असे सांगितले. एका ज्येष्ठ स्नेह्यांना हे पटले नाही. "लस देऊन मोकळे व्हायचे, कारण कशाला सांगता? उद्या भांडायला येतील," असे त्यांचे म्हणणे. मला ते मान्य नाही. औषधाची मात्रा चुकली तर आपण पालकांना सांगतो, निदान सांगावे असे विद्यार्थ्यांना शिकवतो. यंत्रामार्फत चुकलेल्या मात्रेला निराळा न्याय कसा लावायचा?

दुसरी गोष्ट. ही तपासणी चालू असता वय काढणाऱ्या प्रोसीजरमध्येही एक दोष सापडला. 'डेटडिफ' या सूत्राला दोन तारखांमधले महिने विचारले, तर मधे किती वेळा महिना बदलला एवढेच ते मोजते. ३१ जानेवारीला जन्मलेले बाळ त्याच्या लेखी १ फेब्रुवारीला महिन्याचे, आणि १ ऑक्टोबरला नऊ महिन्यांचे! गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे तिचा परिणाम कमी करू शकतात. हे तीस दिवसांचे अंतर त्या अभियंत्याला कसे ठाऊक असणार? 'महिना' म्हणजे पूर्ण झालेला महिना, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. ही चूक माझी.

इंग्लंडमध्ये मे २०१८ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी संसदेत जाहीर केले, की संगणकातील चुकीमुळे २००९ पासून सुमारे साडेचार लाखांपर्यंत स्त्रियांना स्तनकर्करोगाच्या तपासणीचे अखेरचे निमंत्रण गेले नसावे. त्याच वर्षी झालेल्या स्वतंत्र चौकशीत मुळाशी निराळीच गोष्ट निघाली: ते निमंत्रण नेमके कोणत्या वयापर्यंत द्यायचे, याचीच संदिग्धता होती. आपल्या गुजरातेत २०१० पासून 'ई-ममता'मध्ये गर्भवती आणि बालके नावानिशी नोंदली जाऊ लागली; आज देशभर 'यू-विन' आहे. माझ्या ४० मुलांचा घोळ एका वहीने निस्तरला. लाखोंच्या यादीत तशी वही कोण शोधणार?

म्हणून नवे सॉफ्टवेअर, अथवा जुन्याची दुरुस्ती, हाती घेण्यापूर्वी डॉक्टरने स्वतः बसून त्यात खोटी मुले घालून पाहावीत, अर्थात खऱ्या नोंदींपासून अलग ठेवलेल्या प्रतीत. जुळी घाला, आईचे नाव, जन्मतारीख एकच आणि बारसे व्हायचे असल्याने दोघांनाही नाव नाही. २९ फेब्रुवारीला जन्मलेले घाला, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले घाला, आणि पन्नास मुले एकदम घाला. हे काम अभियंत्यावर सोपवता येत नाही, कारण असली मुले रोज आपण पाहतो, तो पाहत नाही. आणि दुरुस्ती झाली की कोणत्या तारखेपासून कोणते रुग्ण बाधित झाले, त्यांची यादी लेखी मागावी. यादी मिळाल्याखेरीज बिल चुकते करू नये, असे मी हल्ली करतो.

वैद्यकीय महाविद्यालयात मृत्यूंचा आढावा घेतला जातो, तसा आपल्या मंडळाच्या बैठकीत वर्षातून एकदा अशा चुकांचा घ्यावा, अशी माझी सूचना आहे. कुणाचे नाव घेण्याची गरज नाही. पहिली चूक मांडायला माझी तयारी आहे. वही अजून माझ्यापाशी आहे, चार नावांपुढची जागा कोरी आहे.