एका फाइलीचे दोन खातेदार

वडिलोपार्जित आंब्याच्या बागेचा सातबारा ज्या रत्नागिरीकराने एकदा तरी निरखून वाचला आहे, आणि दहा-वीस गुंठ्यांवर पार मुंबईपर्यंत पांगलेल्या भाऊबंदांची नावे कशी दाटीवाटीने नांदतात हे पाहिले आहे, त्याला संगणकातील पॅकेजांचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचा, तंटा समजावून सांगण्यास फारसे श्रम पडू नयेत.

उबुंटू या संगणकप्रणालीच्या २०.०४ या आवृत्तीची पाच वर्षांची नियमित मुदत मे २०२५ मध्ये संपली, म्हणून त्या पावसाळ्यात मी घरचा संगणक २२.०४ वर नेण्यास बसलो. काम मध्येच अडले. पडद्यावरील मजकुराचा मथितार्थ इतकाच, की नवे पॅकेज जी फाइल लिहू पाहते, ती आधीच दुसऱ्याच्या नावे दाखल आहे. मित्र फोनवर म्हणाला, "अरे, फोर्स-ओव्हरराइट दे नि हो मोकळा!"

जुनी नोंद डावलून फाइल बळेच लिहिण्याची ही युक्ती मला रुचली नाही. डेबियन या मूळ प्रणालीकडून उबुंटूकडे वारशाने आलेली डीपीकेजी ही तलाठ्याच्या दप्तरासारखी व्यवस्था असून, कोणती फाइल कोणत्या पॅकेजाची याची नोंद ती ठेवते. ते दप्तर डावलून मिळविलेला कब्जा आज पचला, तरी पुढल्या खेपेस तोच तंटा दुप्पट जोराने उभा राहण्याचा संभव असतो. म्हणून 'डीपीकेजी -एस' या आज्ञेने मूळ खातेदार विचारला, तेव्हा कधीकाळी प्रिंटरसाठी बाहेरून आणून बसविलेले, माझ्या पूर्ण विस्मृतीत गेलेले एक पॅकेज पुढे आले. आवृत्ती बदलताना बाहेरचे स्रोत बंद केले जातात खरे. परंतु तेथून आलेली कुळे जागच्या जागीच राहतात! त्याला काढून 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' म्हणताच अडलेले काम मार्गी लागले. नव्या आवृत्तीत त्या प्रिंटरची सोय अंगचीच होती.

मूळचे आणि बाहेरचे वेगळे ठेवण्याची हीच काळजी मोठ्या व्यवस्थेतही दिसते. आपल्या जिल्हा न्यायालयांतील खटल्यांची सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त सॉफ्टवेअरवरच उभारली असून, तिचा राष्ट्रीय गाभा सर्वत्र समान आणि उच्च न्यायालयागणिक बदलणारा भाग त्याच्या परिघावर, अशी तिची रचना आहे. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते; पण बाहेरून काय येऊन बसले, याची नोंदही हवी. गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. तशीच एक वही प्रत्येक कचेरीतील संगणकाशेजारी असावी आणि बाहेरून काय, कोठून, कोणाच्या सांगण्यावरून बसविले, हे तीत तारखेनिशी लिहावे, असा माझा आग्रह आहे.

मी स्वतः शंभर पानी वही घातली आहे. पहिली नोंद त्या प्रिंटरची. दुसरी एका मराठी कीबोर्डाची, आणि तिच्यापुढील 'कोठून' हा रकाना अद्याप कोराच आहे.