नोंदणी क्रमांक कुठे आहे?

ऑनलाइन समुपदेशकांच्या जाहिराती आता एकाच साच्यातून निघतात. हसरा फोटो, मागे पुस्तकांचे कपाट, ‘मन मोकळे करण्याची हक्काची जागा’ आणि खाली फी. शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केले, कोणत्या केसेस घेत नाही, याचा पत्ता नसतो.

डॉक्टरांना ही मुभा नाही. मार्च 2020 मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा चिठ्ठीवर, वेबसाइटवर, अगदी व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपातही नोंदणी क्रमांक देणे त्यांना बंधनकारक झाले. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. समुपदेशकाची पाटी मात्र कुणीही लावावी. दोन रविवारचा कोर्स केलेला आणि रुग्णालयात वर्षानुवर्षे काम केलेला, दोघे अ‍ॅपवर शेजारी-शेजारी, बहुधा फीही तीच. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांनाही कक्षेत घेतले खरे. पण त्याखालचा क्रमांक छापलेली जाहिरात आमच्या तरी पाहण्यात नाही.

ऑनलाइन समुपदेशन नकोच, असे कोण म्हणेल? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना असल्याचे दिसले. अहेरीच्या मुलीला आणि मराठीतच रडू येणाऱ्या न्यू जर्सीतल्या आजींना हाच मार्ग जवळचा. पण हे काम समोरासमोरच्या कामाहून अवघड आहे. पडद्यावर खांद्यापासून वरचाच माणूस दिसतो. चाळवाचाळव करणारे हात दिसत नाहीत. दोन खोल्यांच्या घरात बाई बोलत असते आणि पडद्यापलीकडे सासूबाई भाजी निवडत असतात. अशा वेळी ‘मी बरी आहे’ याला काय अर्थ? जाणता समुपदेशक आधी विचारतो: आत्ता कुठे बसला आहात? कुणाला ऐकू जाईल का? फोन तुटला तर कुठे लावू? पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर तो पहिल्याच दिवशी लिहून घेतो, कारण समोरचा जीव द्यायच्या गोष्टी बोलू लागला तर चारशे किलोमीटरवरून धावून जाता येत नाही. हे न विचारताच ‘मग, कसे वाटते आहे?’ अशी सुरुवात करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आणि सांगितलेले जाते कुठे? अमेरिकेत बेटरहेल्प या बड्या कंपनीने गोपनीयतेचा शब्द देऊनही ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरून प्रकरण मिटले.

अ‍ॅपवाल्यांनी पदवी, नोंदणी आणि देखरेख करणाऱ्याचे नाव फीच्या वरच्या ओळीत छापावे. कुणावर विसंबावे हे ठरेपर्यंत सरकारचे टेली-मानस आहेच: 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही.