परग्रहवासीयांना नवे देव करू नका!

वेरूळचे कैलास लेणे माणसाने कोरलेच नाही, ते परग्रहवासीयांचे काम आहे, असे सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर सर्रास फिरतात. देव सोडलेले आपले काही तरुणही ते हौसेने पुढे पाठवतात. म्हणून आम्हाला स्पष्ट बोलावे लागत आहे.

विश्वात अन्यत्र प्रगत जीवसृष्टी असेल काय? असू शकते. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला. आज असे ५ हजारांहून अधिक ग्रह माहीत आहेत. पण जीवसृष्टीचा एकही सिद्ध पुरावा अजून मिळालेला नाही.

२००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. डॉ. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख होते. त्यातून जीवाणूंच्या ३ नव्या जाती मिळाल्या. तरीही ते परग्रहावरून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असेच इस्रोने सांगितले. हाती नवा जीव असूनही पुराव्यापुरतेच बोलणे, याला विज्ञान म्हणतात.

आता वेरूळचा दावा तपासा. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत आणला. छिन्नीच्या खुणा आजही दिसतात. लांब कशाला, आपल्या भंडारा जिल्ह्यातील पवनीला जा. १९६९-७० च्या उत्खननात तिथे बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. माणसांनी दान दिले, माणसांनी दगड घडवला. काल हे श्रेय देवाने लाटले, आज परग्रहवासी लाटतो. दोन्ही वेळा नाव पुसले जाते ते राबणाऱ्याचेच.

मग धर्माचे काय? माणूस ही ईश्वराची खास निर्मिती आहे, असे मानणाऱ्यांना उद्या परग्रहावर बुद्धिमान जीव सापडला तर पोथ्यांचे नवे अर्थ लावत बसावे लागेल. धम्माला ती अडचण नाही. जग अनंत आहे की सान्त, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नावर बुद्धांनी उत्तर दिले नाही. बाण लागलेल्याचा आधी बाण काढा, असे सांगितले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये जगाच्या उत्पत्तीपेक्षा जगाच्या पुनर्रचनेला धम्माचे प्रयोजन मानले.

तो बाण आपल्याच जिल्ह्यात रुतलेला आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एकाच बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. शेजारच्या माणसाला माणूस न मानणारा समाज दूरच्या ग्रहावरचा जीव कोणत्या तोंडाने शोधणार?

तरुणांनो, आकाशाचा अभ्यास जरूर करा. खगोलशास्त्रात, संशोधन संस्थांत आपली मुले-मुली गेलीच पाहिजेत. पण व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: पुरावा काय? राज्यघटनेच्या कलम ५१क ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे आपले कर्तव्य ठरवले आहे. बावीस प्रतिज्ञा घेऊन जुने देव नाकारले, ते आकाशातून नवे उतरवण्यासाठी नव्हे.

जय भीम!