पर्माकल्चर शिकण्याचे पहिले वर्ष

ऑस्ट्रेलियातील बिल मोलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ मध्ये ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. झाडे, पिके, जनावरे, पाणी आणि माणसांची वस्ती यांची परस्परपूरक मांडणी कशी करावी, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यातून उभे राहिले ते आखणीचे शास्त्र. आपल्याकडे मात्र ते पुष्कळदा तयार आराखड्याच्या रूपात पोहोचते : एकरी इतकी झाडे, इतक्या फुटांवर चर, इतके आच्छादन. विस्तार कार्यकर्त्याला हे सोयीचे असते, कारण लक्ष्य मोजता येते आणि अहवाल भरता येतो. शिकणाऱ्या शेतकऱ्याला ते महाग पडते. फळझाड चुकीच्या जागी लागले हे उमगेपर्यंत तीन-चार वर्षे निघून जातात, आणि दोन एकरांवर घर चालवणाऱ्याजवळ इतकी वर्षे शिल्लक नसतात.

ग्रंथ वाचावेतच. मोलिसन यांचा १९८८ चा ‘पर्माकल्चर : अ डिझायनर्स मॅन्युअल’ आणि होमग्रेन यांचे २००२ चे बारा तत्त्वांवरील पुस्तक यांना पर्याय नाही. परंतु त्यांतील प्रत्येक उपाय कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या वस्तीत सुचला, हे विचारत वाचावे. समतल चराचेच पाहा. हलक्या, मुरमाड उतारावर तो पाणी जिरवतो आणि झाडांना जीवदान देतो. खोल काळ्या जमिनीत तोच चर भर पावसाळ्यात तुंबतो आणि कडेची रोपे मुळाशी कुजतात. अशा जमिनीसाठी हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील इक्रिसॅटने रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित केली. ओल धरून ठेवणे आणि जादा पाणी हळूहळू बाहेर काढणे, ही दोन्ही कामे तीत होतात. पर्माकल्चरच्या पुस्तकात ती नसेल, तरी वृत्तीने ती त्याच शास्त्राची आहे.

क्षेत्रविभागणीचेही तसेच. मूळ मांडणीत घर शेतातच आहे आणि त्याच्याभोवती जवळून दूर अशी वर्तुळे आहेत. भारतात बहुतेक ठिकाणी घर गावठाणात असते आणि शेत दोन-तीन तुकड्यांत विखुरलेले असते. तेव्हा वर्तुळे अंतराने न मोजता फेऱ्यांनी मोजावी लागतात. जिथे रोज पाऊल पडते ती परसबाग पहिली, आणि जिथे आठवड्यातून एकदा जाणे होते तो दूरचा तुकडा शेवटच्या वर्तुळातला. आच्छादनाचा सल्ला तर गोठ्याकडे पाहिल्यावाचून देऊच नये. ज्वारीचा कडबा जमिनीवर पसरा असे सांगणाऱ्याने वैशाखात बैलांपुढे काय टाकायचे, हेही सांगितले पाहिजे. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला हे त्याचे एक उत्तर आहे, पण त्यासाठी आधी गिरिपुष्प वाढवावे लागते.

म्हणून पहिले वर्ष निरीक्षणाचे असावे, आणि तेही सगळ्या शेतावर नव्हे. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी पाच माणसांच्या कुटुंबासाठी दहा गुंठ्यांचा विचार मांडला होता. शिकण्यासाठी तेवढा तुकडा पुरेसा आहे, आणि उरलेल्या रानात नेहमीचे पीक चालू राहील. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २५ हजार लिटर पाणी येते. ते कोणत्या कोपऱ्यातून शिरते, कुठे थांबते आणि बांध कुठे फोडते, हे छत्री घेऊन प्रत्यक्ष पाहावे आणि वहीत लिहावे. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून तो किती वेळात आटतो, याची नोंद तीन ठिकाणी करावी. दोन काठ्या, एक आडवी पट्टी आणि ओळंबा यांची चौकट केली की समपातळी रेषा शेतकरी स्वतः आखू शकतो. या कामांना खर्च जवळजवळ नाही. अडचण वेगळीच आहे : ज्या वर्षी काहीच लावलेले दिसत नाही, त्या वर्षाला अहवालात रकाना नसतो.

तिसरा आधार समाजाचा, आणि तो सर्वांत कमी समजून घेतला जातो. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’त द्राक्ष बागायतदारांसह अनेक शेतकरी आपापल्या बागेतील निरीक्षणे एकमेकांना कळवत आणि पडताळून पाहत. तेथे शिकणारा आणि शिकवणारा असा भेद फारसा उरत नसे. पटनचेरूहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पुढे झहीराबाद लागते. त्या परिसरातील पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी भरडधान्यांची बियाणी जपली, वाटली आणि मिश्र पेरणीचे ज्ञान आपल्या हाती ठेवले. मोलिसन यांच्या भारतातील अध्यापनाशीही या संस्थेचा संबंध आला. भारतातील पर्माकल्चर कसे दिसते, हे पाहण्यासाठी परदेशी बागांच्या चित्रांपेक्षा ही शिवारे अधिक उपयोगी आहेत.

समाजाची गरज केवळ ज्ञानापुरती नाही. सुगी आटोपली की शिवार चराईला मोकळे होते, आणि बांधावर लावलेली रोपे माघापर्यंत शेळ्यांच्या पोटात जातात. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतात येते. वरच्याने चर काढला की खालच्याची विहीर आणि भांडण दोन्ही बदलतात. एकट्याने कितीही चांगली आखणी केली, तरी ती बांधापाशी संपते. चराईबंदीची तारीख गावाने ठरवली नसेल, तर रोपवाटिकेवरचा खर्च करूच नये, इतके स्पष्ट विस्तार कार्यकर्त्याने सांगायला हवे.

बहात्तर तासांचा आखणी अभ्यासक्रम ज्यांना परवडतो त्यांनी जरूर करावा, पण त्याचे प्रमाणपत्र ही प्रवेशाची अट होऊ नये. पाच-सात शेजाऱ्यांचा गट, प्रत्येकाचा दहा गुंठ्यांचा तुकडा, एक पर्जन्यमापक आणि प्रत्येकाची नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. कृषी विज्ञान केंद्रांनी या वह्या वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि सुगीनंतर, गटासमोर वाचून घ्याव्यात. रोपांची मागणी पहिल्या बैठकीत नोंदवू नये. ती दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, वहीतल्या नकाशावर जागा दाखवूनच घ्यावी.