ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर

वाचकहो, दिवाळी अंकात कर्जाचा विषय काढणे म्हणजे करंजीच्या सारणात खडा ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु सणाच्या खरेदीचा हिशेब फराळाचे डबे रिकामे झाल्यावरच यायचा असतो. तेव्हा आधी दोन शब्द बोललेले बरे.

आम्ही पडलो मराठीचे मास्तर. व्याजस्तुती हा अलंकार शिकवताना मी दरवर्षी सांगतो की, संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे मिष, बहाणा, प्रसंगी कपटसुद्धा. त्यावर मागच्या बाकावरून हटकून प्रश्न येतो, “मग सर, बँकेचे व्याज?” वर्ग हसतो, मीही हसतो आणि पुढच्या अलंकाराकडे वळतो. यंदा मात्र त्या प्रश्नाचे उत्तर घरातच शोधावे लागले.

माझी धाकटी बहीण सांगलीस विश्रामबागेत राहते व एका शाळेत शिकवते. आमचे दाजी छोटे दुकान चालवतात. श्रावणात राखी बांधायला ती साताऱ्यास आली आणि ओवाळणीचे ताट बाजूला ठेवून म्हणाली, “दादा, यांच्या कार्डावर ऐंशी हजार झालेत. हप्ता एकदाही चुकला नाही, तरी आकडा जागचा हलत नाही. मला कळलं गेल्या आठवड्यात.” कर्जापेक्षा ते शेवटचे वाक्य तिला अधिक लागले होते, हे सांगायला नकोच.

आकडा का हलत नाही, ते कागद-पेन्सिल घेतल्यावर उमगते. दाजींच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. ८०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज २,८०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४ रुपये. एकूण ३,३०४. दाजी भरीत होते ‘किमान देय रक्कम’, म्हणजे ४,०००. तेव्हा मुद्दल फिटले अवघे ६९६ रुपये! शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदतही जाते; मग नव्याने घेतलेल्या साबणाच्या वडीवरदेखील खरेदीच्या दिवसापासून व्याज चढते. किमान रक्कम भरून विलंबशुल्क तेवढे टळते. कर्ज टळत नाही.

इतक्यात दुसऱ्या एका बँकेचा दाजींना फोन आला. “तुमची बाकी आमच्या कार्डावर आणा, सहा महिने फक्त एक टक्का!” याला म्हणतात बॅलन्स ट्रान्स्फर. आपल्या पूर्वजांनी याला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे: ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. आपल्या सांगली जिल्ह्याचेच पाहा. १९४९ साली साताऱ्यातून तालुके काढून दक्षिण सातारा केला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली ठेवले. नाव बदलले म्हणून कृष्णेचे पाणी काही बदलले नाही. कर्जाचेही तसेच आहे.

परंतु टोपी फिरवणे नेहमीच वाईट असते असेही नाही. हिशेब करून पाहावा. नवी बँक आधीच दोन टक्के शुल्क घेणार होती, म्हणजे १,६०० रुपये. त्यावर कर २८८. सहा समान हप्ते केले तर प्रत्येक हप्ता सुमारे १३,८०० रुपयांचा. व्याज सुमारे २,८०० आणि त्यावर कर ५०० च्या आसपास. एकूण खर्च ५,२०० रुपये. जुन्याच कार्डावर किमान रक्कम भरत बसले, तर त्याच सहा महिन्यांत व्याज आणि कर मिळून १९ हजारांच्या वर जातात. सौदा उघडउघड फायद्याचा आहे. अट एवढीच की, महिन्याला १३,८०० रुपये निघाले पाहिजेत.

बहिणीच्या घरात खर्च वजा जाता उरतात जेमतेम सात हजार. म्हणजे सहा महिन्यांनी सुमारे ४२ हजार बाकी राहणार आणि त्यावर पुन्हा नेहमीचा चढा दर. एक टक्क्याच्या मिषाने बेचाळीस टक्के! मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी आता उत्तर देऊ शकतो.

मग दोन वाटा उरल्या. पहिली, बहिणीच्या नावावरील मुदत ठेवीच्या तारणावर कर्ज. ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त, याहून स्वस्त कर्ज सहसा मिळत नाही. परंतु ती ठेव भाचीच्या प्रवेशासाठी जूनमध्ये लागणार. दुसरी वाट, बहिणीची शिक्षकांची पतसंस्था. तिथला दर वर्षाला अकरा टक्के. बारा महिन्यांचा हप्ता सुमारे ७,०७० रुपये, एकूण व्याज सुमारे ४,८५०. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. तो मान फक्त क्रेडिट कार्डाच्या व्याजाला आहे.

कागदावर निर्णय सोपा होता. पण जामीनदार दोन हवे होते. नवऱ्याच्या कार्डासाठी शिक्षकखोलीतल्या सहकाऱ्यांपुढे सही मागायची, ही किंमत कोणत्याही दरपत्रकात छापलेली नसते. दाजी म्हणाले, “त्यापेक्षा ते फोनवालं बरं. तिथं कुणाला कळत तरी नाही.” मी म्हटले, “दाजी, कळत नाही म्हणूनच ते ऐंशीपर्यंत गेलं.” ते बराच वेळ गप्प होते. पुढे सह्या मागायला बहिणीबरोबर तेही शाळेत गेले. कर्ज मिळाले, कार्डाची बाकी फिटली.

आपल्या मुलखाला हा विषय नवा नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि आपल्या साताऱ्यासाठी. त्याही आधीपासून हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: एका वेळी घ्यायचे व्याज मुद्दलाहून अधिक नसावे. आजच्या कार्डाला असे कुंपण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. म्हणजे कुंपण आपले आपणच घालायचे.

तर गृहिणींनी आणि गृहस्थांनी एवढे ध्यानात ठेवावे. टोपी फिरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: शुल्क किती आणि त्यावर कर किती? सवलतीचा दर कोणत्या तारखेपर्यंत? त्यानंतर कोणता? हप्ता चुकला किंवा आधीच सगळे फेडले तर काय? उत्तरे लेखी घ्यावीत. बाकी नव्या कार्डावर नेली तर त्या कार्डावर खरेदी करू नये. कार्डाने एटीएममधून रोख तर काढूच नये. शुल्क वेगळे आणि व्याज पहिल्या दिवसापासून. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकाला दोन गोष्टी दिल्या, त्याही माहीत असाव्यात. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याखेरीज विलंबशुल्क लावता येत नाही. आणि बाकी नसलेले कार्ड बंद करण्याची मागणी केल्यावर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केले नाही, तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

हा शेवटचा नियम मी मुद्दाम शेवटी ठेवला. बाकी दुसरीकडे नेली की जुने कार्ड रिकामे होते आणि रिकामे कार्ड रिकाम्या पाटासारखे पाहुण्याची वाट पाहू लागते. पुष्कळ घरांत एका कर्जाची दोन होतात ती इथेच. बहिणीने दाजींसमोर बसून ते कार्ड बंद करायला लावले.

पाडव्याला आपले व्यापारी नवी वही पूजतात. पगारदारांनीही यंदा एक वही आणावी. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहावे आणि त्याखाली घरातले सगळे देणे, दरासकट. मात्र ते पान नवरा-बायकोने मिळून लिहावे. झाकलेल्या कर्जावर जे व्याज चढते, ते कोणत्याही बँकेच्या व्याजाहून महाग असते.