गुंगी म्हणजे भूल नव्हे

रानडुकरानें कुशीस फाडलेलें राखणीचें कुत्रें किंवा गळवानें हैराण झालेलें मांजर जखमेस हात लावूं देत नाहीं, हें कृषकबंधूंस सांगावयास नको. अशा वेळीं गुंगीचें इंजेक्शन हें मोठेंच साह्य होय, आणि आम्ही त्याच्या विरुद्ध नाहीं. आमचा आक्षेप आहे तो बैलाच्या वेळची उरलेली बाटली कोनाड्यांतून काढून, 'एवढ्याशा कुत्र्याला किती लागणार' असें म्हणत सुई टोचण्याच्या रीतीवर.

ह्या बाटलींत बहुधा झायलेझीन असतें. त्याचें प्रमाण जनावराच्या आकारावरून ठरत नाहीं. दर किलो वजनास घोड्याला जेवढें लागतें त्याच्या सुमारें दहाव्या हिश्शांत बैल गुंगतो. कुत्र्या-मांजरांचें प्रमाण निराळेंच. शिवाय हें औषध एका मिलिलिटरास २० मिलिग्रॅम व १०० मिलिग्रॅम अशा दोन बळांचें मिळतें. बाटलीवरची चिठ्ठी न वाचणारा मनुष्य एका टोचणींत पांचपट औषध देऊन मोकळा होतो. नजरपाहणीची आणेवारी चुकली तर तक्रारअर्ज तरी करितां येतो. येथें तीही सोय नाहीं. म्हणून मालकानें कुत्रें उचलून धान्याच्या कांट्यावर उभें राहावें, मग आपलें वजन वजा करावें, व तो आंकडा पशुवैद्यास सांगावा. किती औषध द्यावयाचें हें ठरविणें व टोचणें त्याचें काम. आपलें नव्हे, आणि गांवांतील हौशी सुईवाल्याचें तर नव्हेच.

झायलेझीननें हृदयाचे ठोके मंदावतात व वांति होते. मांजरास तर बहुतेक होतेच. गुंगलेल्या जनावराची वांति श्वासनळींत गेली तर तें दगावतें. यास्तव किती तास उपाशी ठेवावें हें आधीं विचारावें, आणि चोरून भाकरी खाल्ली असल्यास तें लपवूं नये. ॲसप्रोमेझीन रक्तदाब उतरवितें. तेव्हां जखमेंतून किती रक्त गेलें हेंही सांगावें. सोलापूर-लातूरकडील कारवानी कुत्रीं अंगानें कृश. थायोपेंटोनच्या भुलींतून तीं फार उशिरां उठतात.

आतां मुख्य गोष्ट. गुंगी म्हणजे भूल नव्हे. ॲसप्रोमेझीन घेतलेलें कुत्रें निपचित पडतें, परंतु टांक्याची वेदना त्यास पुरती कळते. केवळ तेवढ्यावर शिवण घालणें आम्हांस क्रौर्यच वाटतें. जागा बधिर करण्याचें किंवा पूर्ण भुलीचें औषध द्याल ना, असें पशुवैद्यास विचारण्यांत संकोच कसला? तसेंच भांडें पडल्याच्या आवाजानें हेंच निपचित कुत्रें दचकून कडकडून चावतें. मुसकी सैल बांधावी, पण बांधावी, आणि ओकारी येतांच सोडावी. झायलेझीनचा अंमल उतरविणारीं योहिंबीन व अटिपामेझोल हीं औषधें आहेत. तीं जवळ आहेत काय हेंही पुसावें. केटामीनचा अंमल त्यांनीं उतरत नाहीं. त्या औषधानें मांजराचे डोळे उघडेच राहून सुकतात, करितां मलम लागतें.

बहुतेक घात होतो तो पशुवैद्य गेल्यानंतर. जनावर उन्हांत टाकून सारे शेतावर जातात, किंवा कोणी दयाळू माणूस तोंडांत पाणी ओततो. तसें करूं नये. सावलींत, पोत्यावर, कुशीवर निजवावें. मान सरळ, जीभ बाहेर. अंग गार पडतें म्हणून गोणपाट पांघरावें. हिरड्या पांढुरक्या झाल्या किंवा श्वास अडखळला तर तत्काळ बोलावणें धाडावें. विहीर व दुसरीं कुत्रीं दूर असावीत. मांजर संध्याकाळपर्यंत टोपलीखालीं ठेवावें. अर्धवट शुद्धींत तें आढ्यावर चढूं पाहतें.